लष्करी सिस्टीमची सांगड सिम्युलेशनने कशी तपासावी: नवख्यांसाठी

१४ एप्रिल १९९४ रोजी उत्तर इराकच्या विमानबंदी क्षेत्रात अमेरिकी हवाई दलाच्या दोन एफ-१५ विमानांनी अमेरिकी लष्कराचीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं पाडली. २६ माणसं गेली. आकाशात अवॅक्स हे टेहळणीचं रडार विमानही लक्ष ठेवून होतं. विमानं, हेलिकॉप्टरं, रडार, सगळं आपापल्या जागी चालू होतं. पण हेलिकॉप्टरं ओळख पटवणाऱ्या ट्रान्सपाँडरवर त्या क्षेत्राबाहेरचा कोड लावून उडत होती. आत वेगळा कोड लागतो हे त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. एफ-१५ विमानं फ्रिक्वेन्सी सतत बदलणाऱ्या ज्या पद्धतीने रेडिओवर बोलत होती, ती हेलिकॉप्टरांच्या रेडिओला जुळत नव्हती. त्यात माणसांच्या चुकांची भर पडली.

प्रत्येक यंत्रणा एकेकटी तपासली असती तर बहुतेक पास झाली असती. भेग होती ती जोडात. अशा भेगा टेबलावर बसून, कुणाचाही जीव धोक्यात न घालता शोधायच्या, हे सिम्युलेशनचं इथलं काम. सॉफ्टवेअर किंवा इलेक्ट्रॉनिक्स येतं, पण अशा टीममध्ये नुकतंच पाऊल टाकलं आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. नेटवर्कची प्राथमिक माहिती आणि एखादी प्रोग्रामिंग भाषा एवढ्या शिदोरीवर सुरुवात करता येते.

एक गोष्ट आधीच सांगतो. दोन सिस्टीममध्ये पॅकेट यायला-जायला लागली की टीममध्ये आनंदीआनंद होतो, ‘जोडलं एकदाचं’ म्हणून ईमेल जातात. खरं काम तिथून पुढे सुरू होतं. पाठवणाऱ्याला जे म्हणायचं होतं तेच घेणाऱ्याला कळलं का, आणि कळल्यावर त्याने योग्य ते केलं का, हा खरा प्रश्न. पुढच्या सगळ्या पायऱ्या या प्रश्नाभोवती फिरतात.

पायरी १: एकच प्रसंग घ्या आणि तो सेकंदांत लिहा

‘हवाई संरक्षणाच्या सर्व सिस्टीम जोडून पाहायच्या’ अशी सुरुवात केली तर वर्षभर बैठकाच होतील. त्याऐवजी एक प्रसंग उचला. उदाहरणार्थ: आपलं एक विमान मोहीम संपवून परत येतंय, त्याचा ट्रान्सपाँडर बंद पडलाय. रडारला ते दिसतं. नियंत्रण कक्षात ते ‘अज्ञात’ म्हणून उमटतं. क्षेपणास्त्र बॅटरीला, म्हणजे क्षेपणास्त्रं डागणाऱ्या तुकडीला, तोच ट्रॅक (विमानाच्या हालचालीची नोंद) मिळतो. नियंत्रण कक्षातला अधिकारी उड्डाणाच्या वेळापत्रकाशी ताडून ते आपलंच आहे असं ठरवतो आणि बॅटरीला ‘गोळीबार थांबवा’ असा संदेश पाठवतो.

आता याला आकडे लावा. समजा, विमान सेकंदाला २५० मीटर वेगाने येतंय आणि बॅटरीच्या पल्ल्याची कड ६० किलोमीटरवर आहे. विमान ९० किलोमीटरवर पहिल्यांदा दिसलं, तर कड गाठायला १२० सेकंद. या १२० सेकंदांत रडारचा ट्रॅक पक्का व्हायला किती, नेटवर्कवरून जायला किती, माणसाला ठरवायला किती, आणि थांबवण्याचा संदेश बॅटरीच्या पडद्यावर दिसायला किती? प्रत्येक टप्प्याला तुम्ही किती वेळ मान्य कराल ते आधीच कागदावर लिहा. हे आकडे चाचणीनंतर लिहिले की माणूस नकळत, जे घडलं तेच बरोबर होतं असं लिहून मोकळा होतो.

वेळेबरोबर दर टप्प्यावर कोणती माहिती कोणाकडून कोणाकडे जाते, तेही मांडा. तक्ता एका पानात बसत नसेल, तर प्रसंग मोठा झालाय असं समजा आणि कापा.

पायरी २: कोण खरं, कोण नकली, ते ठरवा

या क्षेत्रात तीन शब्द रोज कानावर पडतात: लाइव्ह, व्हर्च्युअल आणि कन्स्ट्रक्टिव्ह. खरी माणसं खऱ्या साधनांवर असतील तर लाइव्ह. खरी माणसं सिम्युलेटरवर असतील, जसं की पायलट कॉकपिट सिम्युलेटरमध्ये, तर व्हर्च्युअल. माणसंही संगणकानेच चालवलेली असतील तर कन्स्ट्रक्टिव्ह. एकाच चाचणीत तिन्ही मिसळता येतात आणि बहुधा मिसळतातच.

नियम सोपा आहे: ज्याची जोडणी तपासायची ते खरं हवं, बाकीचं नकली चालेल. वरच्या प्रसंगात नियंत्रण कक्ष आणि बॅटरी यांच्यातली सांगड तपासायची असेल, तर या दोन्हींचं प्रत्यक्ष वापरात असलेलं सॉफ्टवेअर हवं. विमान आणि रडार सिम्युलेटेड असू द्या.

अनेकदा उलटं घडताना दिसतं. खरं सॉफ्टवेअर मिळायला परवानग्या लागतात, वेळ जातो, म्हणून कुणीतरी त्याचं तांत्रिक दस्तऐवज वाचून ‘तसंच वागणारा’ प्रोग्राम लिहितं. समोरच्या टीमनेही तेच दस्तऐवज वाचून आपली बाजू लिहिलेली असते. दोन्ही छान जुळतात. जुळणारच, कारण तपासलं गेलं ते दस्तऐवज. प्रत्यक्ष सॉफ्टवेअर दस्तऐवजापासून कुठे भरकटलंय, हे त्यातून कळत नाही. तात्पुरती सोय म्हणून असा प्रोग्राम ठेवायला हरकत नाही, फक्त अहवालात तो नकली होता हे ठळक लिहा.

पायरी ३: जोडणीची पद्धत निवडा

याचा थोडा इतिहास माहीत असलेला बरा. १९८०च्या दशकात अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेने सिमनेट नावाचा प्रकल्प उभा केला. वेगवेगळ्या ठिकाणच्या रणगाडा सिम्युलेटरांना नेटवर्कने जोडून एकाच आभासी रणांगणावर आणायचं, ही कल्पना. त्यातून पुढे डीआयएस (डिस्ट्रिब्युटेड इंटरॅक्टिव्ह सिम्युलेशन) हे मानक आलं, आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचं १२७८ क्रमांकाचं. १९९०च्या दशकात अमेरिकी संरक्षण खात्याने एचएलए (हाय लेव्हल आर्किटेक्चर) पुढे आणलं. ते २००० साली आयईईई १५१६ झालं आणि २०१० साली त्याची सुधारित आवृत्ती आली. दोन्ही आजही वापरात आहेत.

डीआयएसमध्ये मधे कोणी मध्यस्थ नसतो. प्रत्येक सिम्युलेटर आपल्या वस्तूंची माहिती ठरलेल्या साच्याच्या पॅकेटमधून नेटवर्कवर टाकतो, ज्याला हवी तो उचलतो. एचएलएमध्ये सहभागी प्रोग्रामला फेडरेट म्हणतात, सगळ्यांच्या समूहाला फेडरेशन. मधे आरटीआय नावाचं सॉफ्टवेअर असतं. कोणाला काय हवंय, कोणत्या वस्तूची मालकी कोणाकडे आहे आणि घड्याळ पुढे कधी सरकवायचं, हे ते सांभाळतं. कोणती माहिती देवाणघेवाणीत असेल त्याच्या आराखड्याला फॉम म्हणतात. आरपीआर फॉम हा तयार आराखडा डीआयएसचीच माहिती एचएलएमध्ये मांडतो, म्हणून एकातून दुसऱ्यात जाणं फारसं अवघड नाही.

नवख्याने डीआयएसपासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. एचएलए जास्त ताकदीचं आहे यात वाद नाही, पण त्यात पहिले काही आठवडे आरटीआय बसवण्यात आणि आवृत्त्या जुळवण्यात जातात. डीआयएसचं पॅकेट वायरशार्क या पॅकेट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडून वाचता येतं आणि ओपन-डीआयएस ही मुक्त लायब्ररी जावा, पायथन, सी++ अशा भाषांत मिळते. एचएलएकडे वळाल तेव्हा पोर्टिको आणि सर्टी हे मुक्त आरटीआय सरावाला पुरतात.

हे सगळं सिम्युलेटरांचं आपसातलं बोलणं. खऱ्या सिस्टीम वेगळीच भाषा बोलतात. विमानं, जहाजं आणि हवाई संरक्षण यांच्यात लिंक १६सारखी डेटालिंक (रेडिओवरून माहिती देणारी जोडणी) असते, नियंत्रण कक्षांचे आपापले संदेश असतात. आदेश आणि अहवाल सिम्युलेशनपर्यंत नेण्यासाठी सिसो या संस्थेचं सीटूसिम हे मानक आहे. या दोन जगांच्या मधे जो प्रोग्राम बसतो त्याला गेटवे म्हणतात. तुमच्या डोकेदुखीचा मोठा हिस्सा तिथेच राहतो, हे लक्षात ठेवा.

पायरी ४: एक पॅकेट नीट वाचा

पुढे जाण्याआधी डीआयएसचं एंटिटी स्टेट पॅकेट, म्हणजे वस्तूची सद्यस्थिती सांगणारं पॅकेट, बोट ठेवून वाचा. मूळ आकार १४४ बाइट. सुरुवातीला आवृत्ती, सरावाचा क्रमांक, पॅकेटचा प्रकार, टाइमस्टँप. मग वस्तूची ओळख तीन आकड्यांत: ठिकाण, प्रोग्राम, वस्तू. मग ती कोणत्या बाजूची आहे त्याचा एक आकडा: ० म्हणजे इतर, १ आपली, २ विरोधी, ३ तटस्थ. मग वस्तूचा प्रकार सात आकड्यांत: ती वाहन आहे की दारूगोळा, जमिनीवरची की हवेतली, कोणत्या देशाची, असं उतरत्या क्रमाने. नंतर वेग, जागा, दिशा.

जागा अक्षांश-रेखांशांत नसते. पृथ्वीच्या केंद्रापासून तीन अक्षांवर मीटरमध्ये असते, आणि आकडे साठ लाखांच्या घरात जातात. म्हणून मानकात त्यांना ६४ बिट दिलेत. कुणी गेटवेमध्ये ते ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये कोंबले, तर या आकारमानाला दोन शेजारच्या संख्यांतलं अंतर अर्धा मीटर होतं. पडद्यावर उभा रणगाडा थरथरतोय किंवा उड्या मारतोय असं दिसलं, तर पहिला संशय इथे घ्या.

दुसरी समजून घ्यायची गोष्ट म्हणजे डेड रेकनिंग. सरळ उडणाऱ्या विमानाची जागा सेकंदाला पन्नासदा पाठवायची गरज नसते. पाठवणारा आणि घेणारा दोघेही शेवटच्या माहितीवरून विमान आता कुठे असेल याचा सारखाच अंदाज बांधत राहतात. खरी जागा अंदाजापासून ठरावीक अंतराने ढळली, मानकातली मूळ मर्यादा १ मीटर किंवा ३ अंश, तरच नवं पॅकेट जातं. काहीच बदललं नाही तरी दर ५ सेकंदांनी एक हजेरी. १२ सेकंद काहीच आलं नाही तर घेणारा ती वस्तू काढून टाकतो. हे आकडे बदलता येतात, आणि त्यातच गोम आहे: एका टीमने हजेरी २० सेकंदांवर नेली आणि दुसऱ्याने १२ सेकंदांची मुदत तशीच ठेवली, तर उभी असलेली प्रत्येक वस्तू दर वेळी गायब होऊन पुन्हा प्रकटेल.

पायरी ५: करारनामा लिहा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात टाळली जाणारी पायरी हीच. कोड लिहिण्याआधी सर्व सहभागी टीमनी एका कागदावर सह्या करायच्या. त्यात निदान पुढच्या गोष्टी हव्यात.

उंची कशापासून मोजायची? जीपीएस मुळात जी उंची काढतो ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची. नकाशातली उंची समुद्रसपाटीपासूनची. दोन्हींतला फरक जगभर सारखा नाही: हिंदी महासागरात श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या सुमारे १०६ मीटर खाली आहे, न्यू गिनीजवळ सुमारे ८५ मीटर वर. म्हणजे दोन टीमनी ‘उंची १००० मीटर’ असंच लिहिलं, तरी त्यांची विमानं शंभर मीटरने वरखाली असू शकतात. खाली उडणाऱ्या ड्रोनला किंवा हेलिकॉप्टरला हा फरक म्हणजे डोंगराच्या अलीकडे की आत, एवढा असतो.

घड्याळ कोणतं? जीपीएसची वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) पुढे आहे, १ जानेवारी २०१७पासून १८ सेकंदांनी. एक सिस्टीम ही, दुसरी ती धरून चालली, तर आपलं २५० मीटर वेगाचं विमान साडेचार किलोमीटर चुकीच्या जागी दिसेल. एकाच विमानाचे दोन ट्रॅक उमटतील आणि नियंत्रण कक्ष म्हणेल, दोन विमानं येताहेत. डीआयएसचा टाइमस्टँप तर फक्त चालू तासातली वेळ मोजतो आणि दर तासाला शून्यावर येतो. म्हणून एक चाचणी तरी मुद्दाम यूटीसीच्या तासाच्या ठोक्यावरून न्या: यूटीसीच्या पावणेअकराला सुरू करा, सव्वाअकराला संपवा.

ओळखक्रमांक कोण देणार, हेही लिहा. दोन सिम्युलेटरांनी एकच ठिकाण आणि प्रोग्राम क्रमांक धरले, तर एकाचं विमान दुसऱ्याच्या विमानावर लिहिलं जातं. प्रकारांच्या सात आकड्यांची यादी सिसो वेळोवेळी अद्ययावत करते, तेव्हा कोणत्या तारखेची यादी धरायची ते ठरवा. एखादा प्रकार एका बाजूला माहीतच नसेल तर ती बाजू काय दाखवेल? काही प्रोग्राम गपचूप सोडून देतात, आणि पडद्यावर काहीच दिसत नाही. गपचूप सोडून देणं करारात स्पष्ट निषिद्ध करा.

आघाताचा निकाल कोण देणार? क्षेपणास्त्र सोडणारा की ज्यावर सोडलं तो? डीआयएसच्या पद्धतीत ज्याची वस्तू, त्यानेच तिचं नुकसान ठरवायचं असतं. पण दोन सिम्युलेटरांची नुकसानीची गणितं वेगळी असली, किंवा एकाच्या भूभागात टेकडी आहे आणि दुसऱ्याच्या नकाशात तिथे सपाट मैदान, तर एक बाजू लपलीय असं समजते आणि दुसरी तिला सरळ पाहते. याला ‘फेअर फाइट’चा प्रश्न म्हणतात. प्रशिक्षणात तर यामुळे माणसं चुकीचे धडे घेऊन बाहेर पडतात.

सिम्युलेशनचे संशोधक आंद्रियास टोल्क आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००३ साली अशा जुळण्याच्या पातळ्यांचा एक आराखडा मांडला. त्याच्या नंतर सुधारलेल्या रूपात खाली तांत्रिक जोडणी, तिच्यावर मांडणीची, मग अर्थाची, मग वापराच्या संदर्भाची, पुढे काळानुसार बदलत्या स्थितीची आणि सर्वात वर संकल्पनेची जुळणी. करारनाम्यातला प्रत्येक मुद्दा कोणत्या पातळीवरचा आहे असं विचारून पाहा. बहुतेक टीमचे कागद खालच्या दोन पातळ्यांवर संपतात.

पायरी ६: गेटवेमधली ‘सत्यगळती’ बंद करा

याला स्वतंत्र पायरी दिली, कारण इथे चाचणी हिरवी दिसते आणि तरी निरुपयोगी असते.

डीआयएस नेटवर्कवर जे फिरतं ते परिपूर्ण सत्य: विमान नेमकं इथे आहे, या प्रकारचं आहे, आपल्या बाजूचं आहे. खऱ्या रडारला यातलं काहीही एवढं स्वच्छ कळत नाही. त्याला मागेपुढे सरकणारा ठिपका दिसतो, मधेच हरवतो, कधी पक्ष्यांचा थवा दिसतो. गेटवेने जर डीआयएसचं सत्य सरळ नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर नेलं, तर तिथला अधिकारी देवाच्या नजरेने लढाई पाहतोय. आपल्या प्रसंगात ट्रान्सपाँडर बंद असलेलं विमान ‘आपलं’ म्हणूनच उमटेल, कारण पॅकेटमध्ये १ हा आकडा आहेच! ज्या गोंधळाची चाचणी घ्यायची तोच गोंधळ गेटवेने पुसून टाकला.

म्हणून मधे सेन्सरचं मॉडेल हवं. ते सत्य घेईल, त्यात चूक मिसळेल, अँटेनाच्या फेरीनुसार उशीर लावेल, भूभागाची आड तपासेल आणि मगच ट्रॅक देईल. ओळख ट्रान्सपाँडरच्या मॉडेलकडून यायला हवी. बाजूचा तो आकडा गेटवेमध्ये वाचलाच जात नाही ना, हे कोडमध्ये शोधून खात्री करा.

आता ओळखीचं भाषांतरही पाहा. डीआयएसमध्ये बाजू चार. लिंक १६मध्ये ओळखीच्या पायऱ्या सात: प्रलंबित, अज्ञात, बहुधा मित्र, मित्र, तटस्थ, संशयित, शत्रू. सातांतून चारांत जाताना काहीतरी हरवणारच. ‘बहुधा मित्र’ कुठे टाकायचा? ‘संशयित’ला विरोधी धरलं, तर सिम्युलेटेड बॅटरी त्यावर क्षेपणास्त्र सोडेल. खऱ्या नियमांत मात्र संशयितावर गोळीबाराची परवानगी नसेलही. हा तक्ता प्रोग्रामरने दुपारच्या वेळात एकट्याने भरायचा नसतो. प्रत्यक्ष नियंत्रण कक्षात बसणाऱ्या अधिकाऱ्याला शेजारी घेऊन, ओळ न् ओळ विचारून भरा.

वेगाचंही तेच. लिंक १६वर वेळ ७.८१२५ मिलिसेकंदांच्या तुकड्यांत वाटलेली असते आणि फ्रेम १२ सेकंदांची. विमानाने आपली जागा फ्रेमला एकदा कळवली, तर दोन संदेशांमध्ये ते तीन किलोमीटर पुढे गेलेलं असतं. सिम्युलेटेड लिंक सेकंदाला दहादा जागा देत असेल, तर तुम्ही अस्तित्वात नसलेली लिंक तपासताय.

पायरी ७: दोघांपासून सुरू करा

पहिल्या दिवशी दोनच सहभागी, एक विमान, सरळ रेषा, ठरलेली उंची. पाठवलेली आणि मिळालेली जागा शेजारी शेजारी लिहून फरक काढा. मग वळण, मग दुसरं विमान, मग तिसरा सहभागी. प्रत्येक वेळी एकच गोष्ट वाढवा. पाच टीम पहिल्याच दिवशी एका खोलीत जमवून सगळं एकदम चालू करायची हौस वरिष्ठांना असते, तिला नम्रपणे विरोध करा. नऊ प्रोग्राम चालू असताना एक ट्रॅक दिसेनासा झाला, तर तो कुणी खाल्ला हे शोधायला संध्याकाळ होते.

प्रत्येक टप्प्यावर नेटवर्कवरची पॅकेट वेळेसकट साठवा. पुढे कुणी म्हणालं ‘आम्ही पाठवलं होतं’, तर वाद दोन मिनिटांत मिटतो.

पायरी ८: मुद्दाम मोडा

सगळं सुरळीत चालल्यावर खरा अभ्यास सुरू होतो. पॅकेटांना अर्ध्या सेकंदाचा उशीर लावा. काही पॅकेट गाळा. एका यंत्राचं घड्याळ मागे न्या. नियंत्रण कक्ष प्रसंगाच्या ऐन मध्यावर बंद करून चालू करा: परत आल्यावर त्याला जुने ट्रॅक मिळतात का, आणि ‘गोळीबार थांबवा’ हा आधीचा आदेश बॅटरीकडे टिकून राहतो की नाही? दोन रडारांना एकच विमान थोड्या फरकाने दाखवा आणि दोन ट्रॅक एक होतात का ते पाहा.

विशेषतः नकाराचे संदेश तपासा. बहुतेक टीम ‘आदेश पोचला’ हे तपासतात. ‘आदेश पोचला, पण पाळता येत नाही’ हे उत्तर परत येतं का आणि ते माणसाला पडद्यावर दिसतं का, हे फार कमी जण पाहतात. सिम्युलेशनचा मोठा फायदा हा, की हेच बिघाड शंभर वेळा तंतोतंत तसेच घडवता येतात. मैदानी सरावात एवढी पुनरावृत्ती कुणाला परवडत नाही.

पायरी ९: किती विश्वास ठेवायचा ते लिहा

पायरी १मधले आकडे काढा आणि मिळालेल्या वेळांशी ताडा. सरासरीवर थांबू नका. सरासरी ४० सेकंद छान दिसते, पण एखाद्या फेरीत १२५ लागले असतील, तर विमान त्याच फेरीत जाणार आहे. सर्वात वाईट फेरी उघडून पाहा.

मग मॉडेलच्या मर्यादा. रडारचं मॉडेल कशाच्या आधारे बरोबर मानलं, कोणी तपासलं, कोणत्या वापरापुरतं मान्य केलं, याला व्हीव्हीए म्हणतात: पडताळणी, प्रमाणीकरण आणि मान्यता. यातलं ‘कोणत्या वापरापुरतं’ हे सर्वात मोलाचं. प्रशिक्षणाला चालणारं मॉडेल शस्त्राच्या वेळा मोजायला चालेलच असं नाही. रेडिओ लहरी डोंगराळ भागात कशा वागतात, जॅमिंगखाली लिंक कशी तुटते, बाराव्या तासाला माणूस कसा ठरवतो, या गोष्टी सिम्युलेशनमध्ये कच्च्याच असतात. तिथे मैदानी चाचणीच हवी, आणि अहवालात तसं लिहायला लाजू नका.

गोपनीयतेचा एक इशारा. नेटवर्क वेगळं केलं, की सिम्युलेशनमध्ये काहीही घालता येतं, असा नवख्यांचा समज असतो. रडारचा खरा पल्ला, खरे कोड, खरी नियमावली हे सगळं गोपनीय असतं, आणि सरावाच्या लॉगमधूनही त्याचा अंदाज बांधता येतो. शिकण्यासाठी काल्पनिक आकडे वापरा. खऱ्या आकड्यांची चाचणी योग्य दर्जाच्या बंदिस्त जाळ्यावरच होते आणि तिचे लॉगही तिथेच राहतात.

मोठ्या कामात उतराल तेव्हा हीच वाट अधिक शिस्तीने आखलेली आयईईई १७३०मध्ये मिळेल. डीसीप नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत उद्दिष्टापासून निकालाच्या विश्लेषणापर्यंत सात टप्पे आहेत. अनेक देशांच्या सिस्टीम एकत्र तपासण्याचं उदाहरण पाहायचं असेल, तर नाटोचा सीविक्स सराव पाहा. तो पोलंडमधल्या बिडगॉश्टच्या प्रशिक्षण केंद्राच्या आधाराने दरवर्षी भरतो.

राहिला शेवटचा, रोजच्या कामातला भाग. चाचणीत वापरलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरची आवृत्ती, करारनाम्याची आवृत्ती, प्रकारांच्या यादीची तारीख आणि साठवलेली पॅकेट एकाच ठिकाणी ठेवा. यातल्या कुठल्याही सिस्टीमची नवी आवृत्ती आली, की दोन सहभागींच्या सरळ रेषेपासून पूर्ण प्रसंगापर्यंत सगळं पुन्हा चालवा. ‘आमच्या बाजूला फक्त पडद्याचा रंग बदललाय’ असं सांगितलं गेलं, तरीही.